विजेचें विमान आणि जवळचीं गांवें

विजेवर उडणाऱ्या विमानाचें नांव निघालें, कीं घरांतील तरुण मंडळी लागलीच मुंबईहून लंडनला जाण्याच्या गोष्टी बोलूं लागतात. त्यांचा उत्साह मोडण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु या विमानाचें खरें क्षेत्र दूरचें नसून अगदीं जवळचें आहे. तें पाहावयाचें असेल तर वाचकांनीं नकाशांत नॉर्वे देशाचा पश्चिम किनारा काढावा.

हा किनारा समुद्रानें इतका चिरला आहे, कीं समोर दिसणाऱ्या गांवीं जाण्यासहि कित्येकदां मोठा वळसा घ्यावा लागतो, नाहींतर तरीची वाट पाहावी लागते. आपल्या कोंकणांतील खाड्या पाहिलेल्यांस याची कल्पना येईल. मात्र तिकडील सोग्नेफ्योर्ड ही एकच खाडी २०० किलोमीटरांहून अधिक आंत शिरली आहे. म्हणून १९६८ सालापासून नामसोस, ब्रोन्नोयसुंद अशा लहान गांवांपाशीं सुमारें ८०० मीटरांच्या आंखूड धावपट्ट्या बांधण्यांत आल्या. त्यांवर विडेरो कंपनीचीं लहान विमानें उतरतात, आणि तोट्याच्या मार्गांस सरकार द्रव्य पुरवितें. अत्यवस्थ रोग्यास मोठ्या रुग्णालयांत न्यावयाचें तरी आधार याच धावपट्ट्यांचा. मार्ग बंद पडला तर गांव ओस पडण्यास वेळ लागणार नाहीं.

या देशांत वीज बहुतेक सर्व पाण्यापासून होते. तेव्हां २०४० पर्यंत देशांतर्गत जवळचीं सर्व विमानें विजेवर चालावीं, असा संकल्प तेथील विमानतळ चालविणाऱ्या ॲव्हिनॉर या सरकारी कंपनीनें २०१८ सालीं सोडला, यांत नवल नाहीं.

अडचण आहे ती वजनाची. एक किलो विमानाच्या तेलांत सुमारें १२,००० वॅट-तास शक्ति असते. तितक्याच वजनाच्या चांगल्या बॅटरींत सुमारें २५०. विजेची मोटर तेलाच्या यंत्राहून पुष्कळच कमी शक्ति वायां घालविते, हें जमेस धरलें तरीहि अंतर दहापटींहून अधिक उरतें. शिवाय तेल जळत जातें तसें विमान हलकें होतें. बॅटरी मात्र चढतांना जितकी जड, तितकीच उतरतांना. विद्याधनाचें ओझें होत नाहीं म्हणतात, विद्युद्धनाचें होतें!

आणखी एक गोष्ट उत्साही मंडळी विसरतात. धुकें पडलें, उतरतां आलें नाहीं, तर दुसरीकडे जाण्यापुरती शक्ति नेहमीं शिल्लक ठेवावी लागते. प्रवासच मुळीं अर्ध्या तासाचा असला म्हणजे ही शिल्लक प्रवासाइतकीच होऊन बसते. जवळच्या पल्ल्याचें विमान सोपें, हा समज येथें फसतो.

इटलीच्या टेक्नाम कंपनीनें रोल्स-रॉइस व विडेरो यांच्यासह २०२६ पर्यंत नऊ उतारूंचें असें विमान चालविण्याचा बेत २०२१ सालीं जाहीर केला होता. २०२३ मध्यें टेक्नामनेंच तें काम थांबविलें. कांहीं शें उड्डाणांतच बॅटरीचा सबंध संच बदलावा लागेल आणि तो खर्च परवडणार नाहीं, असें तिनें स्पष्ट सांगितलें. जाहिरातीच्या या युगांत इतका प्रांजळ हिशेब क्वचितच वाचावयास मिळतो, आणि आम्हांस तो यशाच्या दहा बातम्यांहून अधिक मोलाचा वाटतो.

म्हणून सर्वच व्यर्थ असें नव्हे. कॅनडांत हार्बर एअरच्या एका जुन्या समुद्री विमानास विजेची मोटर बसवून तें २०२२ सालीं ७२ किलोमीटर उडविण्यांत आलें. २०२५ मध्यें अमेरिकेंतील बीटा कंपनीचें विमान नॉर्वेंतच स्टाव्हँगर व बर्गेन यांच्या दरम्यान, सुमारें १६० किलोमीटरांच्या मार्गावर, चांचणीसाठीं उडूं लागलें. त्यांत उतारू नव्हते. आमच्या मतें हाच क्रम योग्य: आधीं टपाल व माल, मागाहून माणसें.

मधल्या काळांत करण्याजोगें एक काम आहे. विमान धावपट्टीवर थोडा वेळच थांबणार. तेवढ्यांत बॅटरी भरावयाची तर विजेचा प्रवाह मोठा लागेल, आणि लहान गांवांच्या तारा तेवढ्या जाड नसतात. विमान केव्हां येईल तें येवो, तारा आतांच बदलतां येतील. गांवांतील घरांस व तरींस तरी त्यांचा उपयोग होईलच.