कीव करण्याचा गुन्हा

हार्पर लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चं (१९६०) नाव निघालं की सगळे अ‍ॅटिकस फिंच या वकिलाचे गोडवे गातात. मी मात्र साक्षीला उभ्या असलेल्या टॉम रॉबिन्सनपाशी अडतो. कापसाच्या यंत्रात सापडून डावा हात निकामी झालेला हा काळा मजूर गोऱ्या मेएलाची कामं फुकट करून देई. का, असं सरकारी वकील खोदून विचारतो आणि टॉम भाबडेपणाने सांगून बसतो, तिची कीव आली. संपलं! मेएलावर बलात्कार केल्याचा त्याच्यावरचा आरोप खोटा असल्याचं भर कोर्टात दिसत असतं. पण काळ्याने गोरीची कीव करावी, हे अलाबामातल्या त्या गावाला कसं सोसावं? टॉमचा बचाव करणाऱ्या अ‍ॅटिकसची करुणा कौतुकास पात्र ठरते (तो गोरा!), टॉमची उद्धट. सगळे गोरे असलेली ज्युरी त्याला दोषी ठरवते. पुढे तुरुंगातून पळताना त्याला १७ गोळ्या लागतात.