विश्लेषण : पहिली रायफल स्वस्तातली की लाखमोलाची? नेमबाजीकडे वळणाऱ्या घरांनी पैसा कुठे खर्च करावा?

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण पटकावले तेव्हापासून कोल्हापूरच्या घराघरांत नेमबाजीची चर्चा आहे. मात्र मुलाने किंवा मुलीने ‘मला रायफल हवी’ म्हटले की पहिला प्रश्न पैशाचा येतो. काही हजारांची घ्यायची, की कर्ज काढून परदेशी?

मोबाइलवरचे व्हिडीओ उपयोगाचे आहेत का?

‘बजेट की प्रीमियम’ असे शोधल्यास समोर येणारे बरेच व्हिडीओ अमेरिकेतील सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्टिंग रायफलींचे असतात. भारतात त्यांचा उपयोग नाही. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. इथे सुरुवात होते ती १० मीटर एअर रायफलने. ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही. त्यामुळे खरी निवड या गटातच करायची आहे.

किमतीत इतका फरक कशामुळे?

स्वस्त रायफल बहुधा स्प्रिंगवर चालते. चाप ओढला की आतला पिस्टन वेगाने पुढे आदळतो आणि पेलेट नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल हलते. स्पर्धेच्या रायफलीत सिलिंडरमधली दाबाखालची हवा हेच काम जवळपास धक्क्याविना करते. स्प्रिंग आणि सिलिंडर यांच्यातला हा फरक खरा आहे आणि त्यासाठी पैसे मोजणे योग्यच.

वरच्या पायरीवरचा फरक वेगळा आहे. एकाच परदेशी कंपनीच्या साध्या ‘क्लब’ मॉडेलमध्ये आणि सर्वांत महागड्या मॉडेलमध्ये नळीची अचूकता बऱ्याचदा सारखीच असते. जास्तीचे पैसे जातात ते अॅल्युमिनियमचा दस्ता, गाल टेकवण्याची पट्टी, खांद्याची प्लेट, वजने यांच्या बारीक जुळवणीसाठी. ही जुळवणी महत्त्वाची आहेच. पण आपल्याला काय जुळवायचे आहे, हे नवख्या नेमबाजाला अजून ठाऊक नसते.

हिशेब काय सांगतो?

एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. पेलेट ४.५ मिलिमीटरचे असल्याने त्याचे केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडले तर १० गुण मिळतात. पुढचा प्रत्येक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. साठ फैरींत ६३० गुण मिळवायचे तर सरासरी १०.५ लागते. याचा अर्थ चूक साधारण सव्वा मिलिमीटरची. या टप्प्यावर रायफल आणि पेलेटमधला बारीक फरकही निकाल बदलतो.

याउलट सरासरी ९.५ असलेल्या मुलाचे पेलेट मध्यापासून पावणेचार मिलिमीटर दूर पडत असते. पकडीत घट्ट बसवून झाडली तर साधी स्पर्धा-रायफलही जवळपास एकाच छिद्रात पेलेट टाकते. म्हणजे उरलेली चूक उभे राहण्याची, श्वासाची आणि चाप ओढण्याची आहे. ती कोणत्याही कंपनीच्या बिलाने भरून निघत नाही.

मग पैसा कुठे लावावा?

पहिले सहा महिने ते वर्षभर रेंजची रायफल वापरणे सर्वांत शहाणपणाचे. तेवढ्या काळात मुलाची आवड टिकते का, हे कळते. उंची वाढत असल्याने दस्त्याचे मापही बदलत असते. आठवड्यातून पाच दिवस रोज ८० फैरी म्हटले तर वर्षाला सुमारे २० हजार पेलेट लागतात, म्हणजे पाचशेचे चाळीस डबे. त्यात प्रशिक्षकाची फी, मापाचे जॅकेट, ट्राउझर आणि बूट. दोन लाखांहून महाग रायफल घेऊन पेलेटवर काटकसर करणारे घर उलटा व्यवहार करते. घरी भिंतीकडे तोंड करून, रिकाम्या रायफलीने केलेला ‘ड्राय फायरिंग’चा सराव मात्र फुकट असतो.

जुनी रायफल घेताना काय पाहावे?

वरिष्ठ नेमबाज रायफल बदलतात तेव्हा चांगला व्यवहार होऊ शकतो. मात्र हवेच्या सिलिंडरची मुदत उत्पादनापासून जास्तीत जास्त दहा वर्षे असते, त्यामुळे त्यावरची तारीख आधी वाचावी. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करावी. हवा गळते का, सुटे भाग मिळतात का, बिल आहे का, हेही पाहावे. मुलाचा प्रबळ डोळा डावा असेल तर उजव्या हाताचा दस्ता स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. रायफलीचे वजन नियमानुसार साडेपाच किलोपर्यंत चालते. तेरा वर्षांच्या खांद्याला मात्र हलकीच बरी.

निष्कर्ष काय?

खेळण्यातली स्प्रिंग रायफल घेऊन स्पर्धेची स्वप्ने पाहणे चूक आणि पहिल्याच महिन्यात सर्वांत महाग मॉडेलसाठी दागिने गहाण ठेवणेही चूक. मधला मार्ग म्हणजे साधे पण स्पर्धेच्या दर्जाचे मॉडेल, नवे किंवा तपासून घेतलेले जुने. गुण सहा महिने एकाच जागी अडकले आणि चूक मुलाची नसून रायफलीची आहे असे प्रशिक्षकाने पकडीत बसवून दाखवले, की मोठ्या खर्चाचा विचार करावा. मोठा बोजा पडतो तो मुलाच्या मनावर. ‘तुझ्यासाठी कर्ज काढले’ हे वाक्य डोक्यात घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाचा हात स्थिर राहणे कठीण असते.