खोडरबराने दुरुस्त होणारा कॉम्प्युटर

"लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप?"

दरवर्षी ॲडमिशनचे राउंड संपले, की फर्स्ट इयरची पोरं मेसच्या रांगेत हा प्रश्न विचारतात. खरं म्हणजे विचारत नाहीतच. लॅपटॉप घ्यायचा हे घरूनच ठरून आलेलं असतं. ग्राफिक्स कार्डवाला घेऊ का, सोळा जीबी रॅम पुरेल का, एवढंच त्यांना विचारायचं असतं. मी डेस्कटॉपचं नाव काढलं की अशी बघतात, जणू मी त्यांना टाईपरायटर घ्यायला सांगितलाय!

मित्रांनो, तीन वर्षांपूर्वी मीसुद्धा अस्साच बघत होतो. म्हणून हे चार शब्द.

राजापूर तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. फार नाहीत. पेट्या गेल्या की वर्षाचं गणित बसतं. मोहरावर अवकाळी पाऊस पडला किंवा थ्रिप्स आले की बिघडतं. माझ्या ॲडमिशनच्या वर्षी ते कसंबसं बसलं होतं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "चार वर्षं पुरेल ना?" मी छातीठोकपणे "हो" म्हणालो आणि बहात्तर हजारांचा गेमिंग लॅपटॉप घेतला. कारण काय, तर मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स लागतं, ॲन्सिस लागतं. (गेम्सचं कारण मी घरी सांगितलं नाही. तुम्हीही सांगितलं नसेल.)

पहिले आठ दिवस तो मी कॉलेजात नेला. अडीच किलोचं धूड, वर चार्जरची वीट, सॅकमध्ये जर्नल्स, हातात ड्राफ्टर. वर्गात प्लगपॉइंट दोन, आम्ही साठ. जड सॉफ्टवेअर उघडलं की बॅटरी तास-सव्वातासात मान टाकायची. नवव्या दिवसापासून तो हॉस्टेलच्या टेबलावरून हलला नाही तो नाहीच. कायम चार्जरला जोडलेला, खाली दोन पुस्तकं, बाजूला टेबलफॅन. म्हणजे मी घेतलं तरी काय होतं? छोट्या पडद्याचा, मान मोडणारा, महागडा डेस्कटॉप!

एकदा आमच्या विंगमध्ये फिरून बघा. दहातले सात-आठ लॅपटॉप असेच खुंटीला बांधलेले दिसतील.

आता थोडं नावांबद्दल. दुकानात बॉक्सवर जे नाव असतं, त्यावर जाऊ नका. ग्राफिक्स कार्डचं उदाहरण घ्या. आरटीएक्स ३०५० हे नाव लॅपटॉपवरही आहे आणि डेस्कटॉपच्या कार्डावरही. पण डेस्कटॉपच्या आठ जीबीवाल्या कार्डाला १३० वॅट वीज मिळते, तर लॅपटॉपमधल्याला कंपनी ठेवेल तशी ३५ ते ८०. नाव एक, ताकद वेगळी. प्रोसेसरचंही तेच. उष्णता बाहेर टाकायला जागा नसली की तो स्वतःच वेग कमी करतो. थर्मलच्या पेपरात हीट ट्रान्सफरची समीकरणं आपणच लिहितो, पण लॅपटॉप घेताना ती आठवत नाहीत. आता आठवतात, कारण सिम्युलेशन लावून झोपलं तर सकाळी ते अर्ध्यावरच असायचं.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण आपण रत्नागिरीत राहतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वारा समुद्रावरून मीठ घेऊन येतो. थर्ड इयरला गणपतीच्या सुट्टीत मी घरी गेलो आणि लॅपटॉप हॉस्टेलवरच ठेवला. उचलून न्यायचाही कंटाळा आला, एवढा तो 'पोर्टेबल' होता. दहा दिवसांनी खोली उघडली. कुबट वास, बुटांवर पांढरी बुरशी, कपाटातल्या शर्टांवर ठिपके. आणि लॅपटॉप? बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, तरी काही नाही.

दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवला. बोर्डावर हिरवट गंज. "मदरबोर्ड गेला. प्रोसेसर, ग्राफिक्स सगळं त्याच्यावरच सोल्डर केलेलं असतं, सुटं बदलत नाही. सव्वीस हजार होतील, पार्ट मागवावा लागेल." वॉरंटी केव्हाच संपलेली. सबमिशन तीन आठवड्यांवर.

घरी फोन करायला मी चार दिवस लावले. शेवटी सांगितलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या मामाच्या कॉम्प्युटरला खोडरबर घासायचा, तसं नाही का होत?"

हा खोडरबराचा किस्सा सांगायलाच हवा. मामा इंजिनियरिंगला असताना २००४ साली त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन पीसी असेम्बल करून घेतला. रात्रीच्या कोकणकन्येने रत्नागिरीला आणला, पंधरा इंची काचेचा मॉनिटर मांडीवर घेऊन. तेव्हा अख्ख्या विंगमध्ये एखाददुसराच पीसी असायचा. त्यामुळे त्याच्या खोलीत जर्नलची प्रिंट काढायला, पिक्चर बघायला आणि काउंटर स्ट्राईक खेळायला बारा जण पडलेले असायचे. लोडशेडिंगचे दिवस ते. लाईट गेली की यूपीएस टूं टूं ओरडायला लागायचा आणि बाराच्या बारा जण एकदम "सेव्ह कर, सेव्ह कर!" म्हणून ओरडायचे.

पास झाल्यावर तो पीसी आमच्या घरी आला. दर पावसाळ्यात तो एकदा तरी रुसायचा. पडदा काळा, आतून लांब बीप. मामा कॅबिनेटची बाजू उघडायचा, रॅमची पट्टी काढायचा, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, कचरा झटकायचा आणि पट्टी परत खटकन बसवायचा. चालू! दमट हवेने त्या दातांवर मळाचा थर बसतो, वीज नीट जात नाही, घासला की जाते. एवढंच विज्ञान. (प्लग आधी काढा, आणि हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून मगच पट्टीला हात लावा.) बाबांनी हे इतक्या वेळा बघितलं होतं, की त्यांच्या लेखी कॉम्प्युटरचं औषध म्हणजे खोडरबर. मला त्यांना सांगावं लागलं, की बाबा, बहात्तर हजारांच्या लॅपटॉपला ते लागू पडत नाही.

पुढे काय केलं? एका कंपनीच्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप चौदा हजारांत घेतला, मॉनिटरसकट. सुट्टीत पेट्या भरायला गेलो होतो, त्यातले काही पैसे होते. तो लांजा-पाली-हातखंबा करत एस.टी.ने आणला, कंडक्टरची बोलणी खात. सबमिशन त्यावर झालं, आता बी.ई.चा प्रोजेक्टही त्यावरच चाललाय. या वर्षी गणपतीनंतर तोही चालू होईना. मी कंपासपेटी उघडली. पाच मिनिटं लागली.

सेकंडहँड घेणार असाल तर एक गोष्ट आधी विचारा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याच्या आधीची मशीन्स आता स्वस्तात गळ्यात मारतात. लिनक्स टाकणार असाल तर खुशाल घ्या, कोडिंगला ती उत्तम. पण सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं हे लक्षात ठेवून.

तुम्ही म्हणाल, हा डेस्कटॉपचा एजंट दिसतोय. नाही. माझा डेस्कटॉप जिथे हरतो तेही सांगतो.

पहिलं म्हणजे लाईट. साध्या यूपीएसमध्ये बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून शंभरेक वॅट खातात. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं मिळाली तर नशीब. साध्या लॅपटॉपची बॅटरी पन्नासेक वॅट-अवरची, पण तो लिहिण्या-वाचण्याच्या कामाला दहा-बारा वॅटच घेतो, चार तास जातात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर आमच्याकडे किती तरी दिवस वीज नव्हती. तेव्हा घरचा पीसी म्हणजे नुसतं फर्निचर होतं.

दुसरं, उचलून पळता येणं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझ्या एका मित्राचं घर तिथलं. तळमजल्यावरचा डेस्कटॉप टेबलासकट गेला. त्याच्या ताईने लॅपटॉप मात्र छातीशी धरून माळ्यावर नेला. तिचा सगळा प्रोजेक्ट त्यात होता. आणि मार्च २०२० मध्ये सीनियर्स "पंधरा दिवसांत परत येतो" म्हणून हॉस्टेलच्या खोल्यांना कुलपं लावून घरी गेले. ज्यांचा डेस्कटॉप आत अडकला त्यांनी ऑक्टोबरमधली फायनलची ऑनलाईन परीक्षा मोबाईलवर दिली. यावर खोडरबराचा काही उपयोग नाही.

म्हणून माझं भांडण लॅपटॉपशी नाहीच. लॅपटॉप असावा तर तो लॅपटॉपसारखा असावा. २००७ साली आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेतले छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांना दिले होते. उन्हातही पडदा वाचता यायचा, वीज कमी लागायची, आणि साध्या स्क्रू-ड्रायव्हरने मुलांनाही उघडता येईल अशी त्याची रचना होती. वेग काही नव्हता, पण तो कोणासाठी आणि कुठे वापरायचा हे बनवणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं. आपण मात्र लॅपटॉपचे पैसे देतो, डेस्कटॉपचं काम मागतो, आणि दोन्हीकडून मार खातो.

तेव्हा माझं मत ऐका आणि मग हवं ते करा. एकच मशीन घेणं शक्य असेल आणि तुम्ही हॉस्टेलवर असाल, तर साधा, हलका, दीड किलोच्या आसपासचा लॅपटॉप घ्या. घेताना रॅम आणि एसएसडी बदलता येते का हे विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर पुढच्या दुकानात जा. सी, पायथन, रिपोर्ट, प्रेझेंटेशन एवढं त्यावर होतं. ॲन्सिससारख्या जड कामाला कॉलेजची लॅब आहे. लॅब संध्याकाळी थोडी उशिरापर्यंत उघडी ठेवली, तर निम्म्या पालकांचे तीस-चाळीस हजार वाचतील, हे स्टाफच्या वाचकांनी जरूर मनावर घ्यावं. जे घरून येऊन-जाऊन करतात आणि ज्यांना ग्राफिक्स खरंच लागतं, त्यांनी डेस्कटॉपच घ्यावा, सोबत चांगला यूपीएस. आणि शैक्षणिक कर्ज घेतलं असेल, तर कॉम्प्युटरचा खर्च त्यात धरता येतो, हे खरं. पण त्यावरचं व्याजही आपणच भरायचं असतं. हे बँकेत बाबांच्या शेजारी बसून मला कळलं.

राहता राहिला दमटपणा. दोन्हींना सारखाच उपाय आहे: पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेवा, आतल्या उबेने ओल सुकते. आणि लांब सुट्टीला जाताना लॅपटॉप घरी न्या. मी सांगतोय म्हणून तरी न्या.

मे महिन्यात मी हॉस्टेल सोडतोय. डेस्कटॉप परत एस.टी.त घालायची माझी हिंमत नाही, तेव्हा तो इथेच ठेवणार आहे. फर्स्ट इयरच्या कोणाला हवा असेल तर रेक्टर सरांना विचारून घेऊन जा, पैसे नकोत. कीबोर्डचं 'एस' जरा जोरात दाबावं लागतं, आणि कॅबिनेटच्या उजव्या बाजूचे दोन स्क्रू नाहीत. सारखं उघडावं लागतं म्हणून मी ते लावतच नाही.