बाळाच्या डोक्यावर जोर नको

बाळाचं डोकं लांबुळकं दिसलं की घरातलं कुणीतरी तेलाची वाटी घेऊन बसतं. दोन्ही तळवे कानांवर ठेवायचे आणि दाबून दाबून डोकं गोल करायचं. कशेळे-कडावपासून खोपोली-चौकपर्यंतच्या वाड्यांवर परिचारिका म्हणून फिरताना मी हे दाबणं घरोघर थांबवत आले. आता तेच नव्या नावानं येतंय. कर्जतच्या फार्महाउसवर सुट्टीला आलेल्या एका आईनं मला विचारलं, "ताई, बाळ फार रडतं, ऑस्टिओपथीवाल्याकडून कवटीची हाडं सरळ करून घेऊ का?"

ऑस्टिओपथी म्हणजे हाडं-स्नायू हातानं हाताळून करायचा उपचार. त्यातली कवटीची हाडं सरकवायची ही कल्पना अमेरिकेतल्या विल्यम सदरलँड यांची. १८९९ च्या सुमारास, ऑस्टिओपथीचे विद्यार्थी असताना त्यांना कवटीतल्या शंखास्थीची, म्हणजे कानाजवळच्या हाडाची कड माशाच्या कल्ल्यासारखी तिरकी दिसली. त्यावरून त्यांनी मानलं, की कवटीची हाडं श्वासासारखी लयीत हलतात, अडकली की आजार होतो आणि हातानं सोडवता येतात. पण एकाच माणसाची ही लय दोन तज्ज्ञांनी मोजली, तर आकडे जुळत नाहीत, असं अभ्यासांत दिसलं आहे. मोठ्या माणसाची हाडं तर शिवणींत, म्हणजे कवटीच्या हाडांमधल्या सांध्यांत, घट्ट बसलेली असतात.

बाळाची हाडं मात्र खरंच सरकतात, पण प्रसूतीच्या वेळी. डोक्याच्या दोन्ही बाजूंची हाडं एकमेकांवर थोडी चढतात, म्हणून बाळ वाटेतून बाहेर येतं. तो आकार बहुधा काही दिवसांत आपोआप सुधारतो. त्याला कुणाचा हात लागत नाही.

टाळूचंही तसंच. तेलानं ती 'भरत' नाही. साधारण दीड वर्षापर्यंत हाड वाढून ती आपली आपण बंद होते. तोवर ती रोज बघायची जागा आहे. जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. ताप आहे, बाळ शांत असतानाही टाळू फुगलेली आहे, तर मेंदूज्वराची शंका धरायची आणि १०८ ला फोन करायचा. पावसाळ्यात वाडीवरून दवाखाना लांब पडतो, तिथे ही खूण जीव वाचवते.

क्वचित एखादी शिवण वेळेआधी जुळते, डोकं वाकडंच वाढतं. त्यावर मालीश नाही, शस्त्रक्रिया लागते, आणि ती वेळेत झाली पाहिजे.

आयांनो, आज्यांनो, अंगाला तेल जरूर लावा, डोक्याला हलका हात फिरवा. आकाराची शंका आली तर घरी येणाऱ्या आशाताईला दाखवा, उपजिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाला दाखवा. हाडं सरकवायला पैसे देऊ नका.