पिठले आणि प्रबोधन

रविवार म्हटला की आमच्या घरी मटण! यंदा आषाढी पौर्णिमेला पत्नीने जाहीर केले, "वर्षावासाचे तीन महिने मी मटण शिजवणार नाही." रविवारी पुढ्यात पिठले, भाकरी, ठेचा. मी ताट सरकवून कार्यकर्त्याच्या आवाजात सुनावले, "देवदत्ताने भिक्खूंवर शाकाहाराची सक्ती मागितली, ती तथागतांनी नाकारली!"

ती म्हणाली, "अहो, नाकारली ती सक्तीच ना? मग मटण शिजवायची सक्ती माझ्यावर का? आणि वीस वर्षे माझ्या वाट्याला नुसता रस्सा उरतो, ते कधी पाहिलेत?"

सभा गाजवणारा मी गप्प. निवलेल्या पिठल्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पुढच्या रविवारी मटण मीच शिजवले. मीठ जास्त पडले. मुलांनी मुकाट्याने तिच्या पिठल्याकडे हात वळवला.