मेलेल्याची बातमी होते, अंगठा गेलेल्याची तडजोड!

४ एप्रिल २०२५. आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या मजूर बायांचा ट्रॅक्टर विहिरीत गेला. वसमत तालुक्यातल्या गुंजच्या ७ जणी गेल्या. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये लातूर एमआयडीसीत तेल गिरणीच्या टाकीत ९ जण गुदमरून मेले. असं काही घडलं की नेते येतात, मदत जाहीर होते, पेपरात फोटो येतो.

पण जे मरत नाहीत त्यांचं काय?

डाळ मिलच्या पट्ट्यात अंगठा गेला. मळणी यंत्रात हात गेला. सेंट्रिंगवरून पडून कंबर गेली. यांची बातमी होत नाही, तडजोड होते. मालक दवाखान्याचं पहिलं बिल भरतो, वर दहा-वीस हजार हातावर ठेवतो, कागदावर सही घेतो. गावातले चार जाणते सांगतात, "मालक चांगला आहे, मिटवून टाक."

मालक चांगला असेल हो. पण हिशोब बघा.

कामावर इजा झाली तर भरपाई, हा कायदा या देशात १९२३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला, पण हिशोबाची रीत तीच. पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा आकडा, गुणिले अपंगत्वाचे टक्के. पोरगं ३० वर्षांचं, पगार १२ हजार, अंगठा गेला. वयाचा आकडा २०७.९८, अंगठ्याचे ३० टक्के. भरपाई होते ४ लाख ४९ हजारांच्या वर! आणि आपण वीस हजारांत मिटवतो.

"तुझीच चूक होती" हे मालकाचं ठरलेलं वाक्य. अरे, कायदा चूक विचारत नाही. पिऊन कामावर होता किंवा मुद्दाम सुरक्षेचा नियम मोडला, असले मोजके अपवाद सोडले तर भरपाई द्यावीच लागते. "तो गुत्तेदाराचा माणूस, माझा नाही" हेही चालत नाही. आपल्या धंद्याचं काम गुत्तेदाराकडून करून घेतलं तरी मूळ मालक सुटत नाही. ईएसआयमध्ये नाव असेल तर मात्र भरपाई तिकडून मिळते.

आता दुसरी गोष्ट, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. हात शिवला, प्लास्टर निघालं म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. व्यायाम मिळाला नाही तर बोटं आखडतात, खांदा वर जात नाही. मग "तेल लावून चोळ" म्हणतात. चोळून मूठ वळत नसते राव! तिथं फिजिओथेरपी लागते. खासगीत एकेका सिटिंगला रोजातला मोठा वाटा जातो. किनवट-माहूरच्या मजुरानं त्यासाठी रोज विष्णुपुरी गाठायची म्हटलं तर दिवस एसटीतच जातो. दोन खेपा करतो अन् सोडून देतो. जो हात सहा आठवड्यांत कामाला लागला असता, तो जन्माचा लुळा होतो.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा, हे कायद्यातच आहे. फिजिओथेरपी हा उपचारच आहे. म्हणून प्रत्येक सिटिंगची पावती जपून ठेवा.

शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, चांगलीच आहे. पण ती सातबाऱ्यावर चालते. ज्याच्याकडे सातबाराच नाही त्या मजुराला हा भरपाईचा कायदाच आधार.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. एक, एमआयडीसीच्या प्रत्येक गेटवर आणि मोंढ्यात हा हिशोब मराठीत लावा. मजुराला त्याचा हक्क लेखी सांगणं मालकावर बंधनकारक आहे, कामगार कार्यालयानं ते तपासावं. दोन, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातले ठरलेले दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. लातूरला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, माणसं आपल्याकडंच तयार होतात.

आणि कुणाला इजा झाली असेल तर कोऱ्या कागदावर सही करू नका. दवाखान्याचे कागद, हजेरी, पगाराचा पुरावा सांभाळा. जुन्या कायद्यात दाव्याला २ वर्षांची मुदत होती, तेव्हा वाट बघत बसू नका. वकिलाला पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना तिथं वकील मोफत मिळतो.

तुमच्या गल्लीत, वस्तीवर असा कुणी घरी बसून असेल तर ही पोस्ट त्याला वाचून दाखवा. नुसतं लाइक करून त्याची मूठ वळणार नाही.