दहापैकी दहा कोणाचे?

न्यू जर्सीत घर शोधणारं मराठी कुटुंब खोल्या किती, तळघर कोरडं आहे का, हे नंतर विचारतं. आधी विचारतं, "मिडल स्कूलचं रेटिंग किती?" रविवारच्या मराठी शाळेत मुलं आत जोडाक्षरं गिरवत असतात आणि बाहेर कॉफीचे कप हातात धरून आईबाप हेच बोलत असतात. "तिथलं सहावर घसरलंय म्हणे." "मग नको. मुलगा सहावीत जायच्या आत तिथून हला." या घोळक्यात मीही वर्षानुवर्षं उभी राहिले आहे. दारात मोठं मेपलचं झाड असलेलं, मनात भरलेलं एक घर मी एका आकड्यापायी सोडलंही आहे. तो आकडा कसा तयार होतो, हे तेव्हा तपासलं नाही. आज तपासल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: उपनगरातल्या सरकारी मिडल स्कूलची प्रत ठरवण्याची आपली ही रीत चुकीची आहे, आणि तिची किंमत आपलीच मुलं मोजत आहेत.

पूर्वपक्ष आधी नीट मांडते, कारण तो पोकळ नाही. इथे सरकारी शाळा पत्त्यावर मिळते. हद्दीच्या अलीकडे घर असेल तर ही शाळा, पलीकडे असेल तर ती. शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि न्यू जर्सीचा हा कर देशात सर्वांत जड मानला जातो. एवढा कर भरणाऱ्याने शाळा पारखून घेऊ नये, असं कोण म्हणेल? शिवाय आपण या गावात नवे. कुठली शाळा बरी, हे सांगणारी मावशी किंवा शेजारच्या काकू इथे नाहीत. एच-वन-बीवर आलेल्या माणसाला चार दिवसांत भाड्याचं घर ठरवायचं असतं. एक ते दहामधला आकडा त्याला हाताशी धरण्याजोगा वाटला, तर नवल नाही.

आणि आकड्यांनी या देशात एक मोठं काम केलं आहे. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली. गरीब घरची मुलं, अपंग मुलं, इंग्रजी नुकती शिकू लागलेली मुलं यांचे निकाल वेगळे काढून दाखवायला लावले. त्याआधी सुखवस्तू उपनगराच्या चांगल्या सरासरीखाली ही मुलं झाकली जात. २०१५ च्या नव्या कायद्याने शाळांवरचा बडगा सैल केला, पण वार्षिक परीक्षा आणि वेगळे निकाल ठेवले. ते योग्यच झालं. परीक्षा नकोत, आकडे नकोत, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

माझा आक्षेप आहे तो सरासरी गुणांना शाळेची गुणवत्ता समजण्यावर. हे गुण शाळेचे कमी आणि घराचे जास्त असतात. १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून सरकारला अहवाल दिला. मुलांच्या गुणांतला फरक शाळांमधल्या फरकापेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जोडलेला आहे, असं त्यात निघालं. त्यानंतर अर्धशतकाने स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या अकरा हजारांहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्टचे तिसरी ते आठवीचे निकाल एकत्र केले. मुलं तिसरीत किती गुण मिळवतात आणि पुढच्या पाच वर्षांत किती शिकतात, यांत फारसा संबंधच आढळला नाही. शिकागोचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. गरीब मुलांचं प्रमाण मोठं, सरासरी गुण कमी, आणि तरीही तिथली मुलं पाच वर्षांत जवळपास सहा वर्षांइतकं शिकत होती. कुठलाही आईबाप केवळ सरासरी बघून तिकडे फिरकला नसता.

याच्या उलट आपल्या उपनगराचं बघा. पाचवी-सहावीतली किती मुलं संध्याकाळी कुमॉनला किंवा गणिताच्या दुसऱ्या कुठल्या क्लासला जातात? किती घरांत आई किंवा बाबा इंजिनिअर आहेत आणि अपूर्णांक जेवणाच्या टेबलावर शिकवले जातात? वसंत ऋतूतल्या राज्याच्या परीक्षेत ही मुलं उत्तम गुण आणतात आणि ते गुण शाळेच्या नावावर जमा होतात. मग तो आकडा पाहून आणखी तशीच कुटुंबं तिथे येतात, घरं महाग होतात, आकडा आणखी वर सरकतो. या चक्रात शाळेने स्वतः काय शिकवलं, हा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो. २०२२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेलविजेते जोशुआ अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि डेन्व्हर इथल्या शाळांचा अभ्यास मांडला. गोऱ्या मुलांचं प्रमाण जास्त असलेल्या शाळांना वरचे शेरे मिळतात, पण ते त्या शाळा मुलांना अधिक शिकवतात म्हणून नव्हे. तिथे येणारी मुलं आधीच पुढे असतात म्हणून, असा त्याचा निष्कर्ष. ही मोठी शहरं आहेत, उपनगरं नव्हेत, हे मान्य. पण निवडून आलेल्या मुलांच्या गुणांना शाळेचं कर्तृत्व समजण्याची चूक दोन्हीकडे सारखीच.

"पण घराची किंमत तर वाढते ना?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. वाढते. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांतली शाळांच्या हद्दरेषेच्या अल्याडपल्याडची घरं ताडून पाहिली. परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यांना दिसलं. यातून सिद्ध होतं ते एवढंच की लोक त्या गुणांसाठी पैसे देतात. घर ही गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर खुशाल आकडा बघून घ्या. मात्र मुलाच्या शिक्षणाचं नाव त्याला देऊ नका.

रेटिंग देणाऱ्यांनाही हे कळतं. १९९८ पासून चालणाऱ्या 'ग्रेटस्कूल्स'ने २०२० मध्ये आपली पद्धत बदलून मुलांच्या वर्षभरातल्या प्रगतीला अधिक वजन दिलं. सुधारणा चांगलीच आहे. पण तरीही सगळं मिळून एकच आकडा उरतो, आणि घरांच्या जाहिरातीत तोच झळकतो.

आता मिडल स्कूलकडे येते, कारण या तीन वर्षांसाठी हा आकडा सर्वांत तोकडा आहे. अकरा ते चौदा हे वय. शरीर बदलतं, जिवलग मैत्रीण एका आठवड्यात परकी होते, आणि आजवर एकाच बाईंच्या वर्गात दिवस काढलेलं मूल अचानक सहा-सात शिक्षकांच्या हाती जातं. माझा मुलगा सहावीला एका दहापैकी दहावाल्या शाळेत होता. सगळ्या विषयांत ए. तीन महिने तो डबा लायब्ररीच्या मागच्या कोपऱ्यात एकटा खात होता, हे शाळेत कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ए असलेल्या मुलाकडे कोण बघतो? पुढच्या वर्षी नोकरीमुळे आम्ही हललो. नव्या शाळेचा आकडा बराच खाली होता आणि मी काळजीत होते. दुसऱ्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. "तुमचा मुलगा प्रयोगात फार छान बोलतो, पण जोडी करायची वेळ आली की मागे सरकतो. मी आणि गणिताचे सर यावर बोललो आहोत." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातच बसून रडले.

एका मुलावरून नियम निघत नाही. पण त्या बाईंनी केलं ते योगायोगाने घडलं नव्हतं. त्या शाळेत चार विषयांच्या शिक्षकांची एक टीम होती, त्यांच्याकडे तीच शंभर-सव्वाशे मुलं होती, आणि रोज एक तास एकत्र बसण्यासाठी वेळापत्रकात राखून ठेवला होता. ही कल्पना जुनी आहे. १९८९ च्या कार्नेगी मंडळाच्या 'टर्निंग पॉइंट्स' या अहवालाने हेच सुचवलं होतं: मोठ्या मिडल स्कूलचे लहान गट करा आणि प्रत्येक मुलाला नीट ओळखणारा निदान एक मोठा माणूस शाळेत असू द्या. तो तास वेळापत्रकात ठेवायला पैसा लागतो आणि मुख्याध्यापकाचा निश्चय लागतो. कुठल्याही रेटिंगमध्ये तो दिसत नाही.

गुणांच्या मागे मूल दिसेनासं झालं की काय होतं, हे मध्य जर्सीने पाहिलं आहे. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचे अधीक्षक डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आदल्या वर्षी मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं, ४० मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. देशातल्या नावाजलेल्या डिस्ट्रिक्टची ही अवस्था. त्यांनी गृहपाठाविना रात्री ठरवल्या, हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा काढल्या, वाद्य नुकतं हाती घेतलेल्या मुलालाही संगीतात सहज जागा मिळावी अशी सोय केली. पालकांत फूट पडली आणि विरोध करणाऱ्यांत आशियाई आईबाप मोठ्या संख्येने होते. त्यांचं म्हणणं मी समजू शकते. ओळख नाही, वारसा नाही, वर जायला परीक्षा हीच शिडी. ती शाळेने ढिली केली तर आमच्या मुलांनी चढावं कशावरून? पण शिडी चढणारं मूलच खचत असेल, तर शाळेच्या प्रमुखाने ते उघडपणे सांगणं हे मला त्या शाळेच्या चांगलेपणाचं लक्षण वाटतं. झाकून ठेवणाऱ्या शाळेची मला अधिक भीती वाटते.

यावर कोणी दुसऱ्या टोकाला जातं. "आकडे सोडा, शाळेत एक फेरी मारा, वातावरण लगेच कळतं." हेही मला पटत नाही. पालकांच्या भेटीच्या दिवशी प्रत्येक शाळा हसरी असते. नवी इमारत आणि चकचकीत व्यायामशाळा पाहून होणारं मत हे सरासरी गुणांवरच्या मताइतकंच उथळ. त्याचप्रमाणे समतेच्या नावाखाली पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलाला थांबवणंही चूक. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतलं बीजगणित काढून सर्वांना नववीत दिलं. २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने ते आठवीत परत आणण्याचा कौल दिला. चांगल्या शाळेत बीजगणित हवंच. विचारायचं ते हे, की त्या वर्गाचं दार कधी बंद होतं. पाचवीच्या एका परीक्षेवर मुलाचं गणित कायमचं ठरत असेल, तर ती शाळा गणित शिकवत नाही, मुलं चाळते.

मग बघायचं काय? न्यू जर्सी दरवर्षी प्रत्येक शाळेचा कामगिरी अहवाल फुकट प्रसिद्ध करते. त्यात सरासरी सोडून प्रगतीचा आकडा उघडा. पूर्वी सारखेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतलं मूल किती पुढे गेलं, हे तो सांगतो. ४० ते ६० म्हणजे साधारण. वरच्या सरासरीची शाळा इथे ४० च्या आसपास रेंगाळताना दिसली, तर मुलं हुशार येतात आणि शाळा त्यांच्यात फारशी भर घालत नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. मग त्याच अहवालात गरीब घरच्या आणि अपंग मुलांचे निकाल वाचा. "ती आपली मुलं नव्हेत" असं म्हणू नका. सातवीच्या एखाद्या हिवाळ्यात, एखाद्या विषयात, मागे पडलेलं मूल आपलं असेल, आणि तेव्हा शाळेला मागच्या मुलाला हात देण्याची सवय आहे की नाही, एवढाच प्रश्न उरेल. गैरहजेरीचा तक्ता पाहा. १८० दिवसांच्या वर्षात १८ किंवा अधिक दिवस न येणारी मुलं किती? शाळेत यायला पाय उचलत नसेल, तर काहीतरी दुखतं आहे. २०११ च्या दादागिरीविरोधी कायद्यानुसार प्रत्येक शाळेने स्वतःला दिलेले गुण संकेतस्थळावर लावावे लागतात. मी विचारलेल्या एकाही पालकाने ते वाचलेले नव्हते.

आणि मुख्याध्यापकांना फोन करा. एका काउन्सेलरकडे किती मुलं आहेत? शालेय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० ची आहे. शिक्षकांना एकत्र बसायला वेळ मिळतो का? गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? उत्तरापेक्षाही उत्तर कसं मिळतं ते ऐका. जी शाळा तुमच्या प्रश्नाला रेटिंगचा आकडा ऐकवून फोन ठेवते, ती तुमच्या मुलाच्या प्रश्नालाही तेच करील.

शिक्षण मंडळाची सभा तुमच्या टाउनशिपमध्ये नियमित भरते. १९७५ च्या राज्य कायद्याने ती सर्वांना खुली आहे आणि तिथे नागरिकांना बोलायला वेळ राखलेला असतो. मी गेलेल्या बहुतेक सभांत मराठी माणूस मी एकटीच होते. पुढच्या सभेची तारीख बघा आणि या.